कराचीहून आलेली फर्माइश

१२ मार्च १९७२
शेजारची बानू कोरं कार्ड घेऊन आली. तिची थोरली बहीण खुर्शीद कराचीला दिलेली. लढाई लागल्यापासून टपाल बंद – डिसेंबरपासून एक ओळ नाही. रेडिओ सिलोनवर गाण्याआधी फर्माइशीची नावं वाचतात आणि कराचीतही ते ऐकतात, हे बानूला ठाऊक. गाणं कोणतं लिहू, विचारलं.
"कुठलं बी लिवा बाई. माझं नाव अन् मिरजगाव तेवढं नीट लिवा."
हिंदीत लिहून दिलं.

२ एप्रिल
रोज सकाळी ती आमच्या ट्रान्झिस्टरपाशी. ह्यांच्या बातम्या बुडतात. कुरकुरतात, पण उठवत नाहीत.

१९ मे
आजही नाही.

११ जून
नाव वाचलं! मिरजगावसकट! बानू गाणं संपेपर्यंत जागची हलली नाही. आता खुर्शीदला कळलं मी हाय, म्हणाली. ऐकलं असेल तर, असं माझ्या तोंडून गेलं. जायला नको होतं.

२७ ऑगस्ट
पाऊस नाही. वर्गात निम्मी पोरं. बानू मात्र रोज हजर.

८ ऑक्टोबर
कराचीची फर्माइश लागली. "महमूद, अम्मीजान, सलमा और नन्ही बानू." महमूद म्हणजे खुर्शीदचा नवरा, अम्मीजान सासू, सलमा मुलगी. शेवटच्या पत्रात खुर्शीदला दिवस गेल्याचं होतं – ही नन्ही बानू तीच. माझं नाव ठिवलं, म्हणत बानू गल्लीभर सांगत सुटली.
घरातल्या सगळ्यांची नावं होती. खुर्शीदचं नव्हतं. मी नीट ऐकलं.
दुपारी परत आली. खुर्शीदचं नाव घेतलं ना, विचारलं. मी म्हटलं, हो, पहिलंच – खरखरीत तुला ऐकू आलं नसेल.
काय गरज होती मला? पण तिचं तोंड बघून दुसरं सुचेना.

९ ऑक्टोबर
सकाळी रेडिओला आली नाही. शाळेतून आले तर आमच्या ओट्यावर बसलेली. डोळे सुजलेले.
"काल खरखर न्हवती, बाई. बाळंतपणात गेली ती. तुमी तसं म्हणला तवाच मला कळलं."
तिनं पदराआडून कोरं कार्ड काढलं.
"लिवा. बारक्या बानूसाठी, मावशीकडनं."