पाण्याची गाठ आणि खोलीतले डॉक्टर

३ मार्च
परत तेच. बायको फोनवर म्हणते, "डॉक्टरीणबाई सुईने पाणी काढू म्हणतात. काढून घेऊ का?" नाही म्हणजे नाही – किती वेळा सांगायचं? छातीत गाठ, त्यात सुई, आणि फुटून अंगभर पसरली म्हणजे? "पाण्याचीच आहे, सोनोग्राफीत दिसली." दिसली तर दिसली.

४ मार्च
इथे शहरात खोलीत सोबत राहणाऱ्यांना विचारलं. रंगारी म्हणाला, "सुई लागली की संपलं." त्याच्या मावशीच्या शेजारणीचं काहीतरी झालं होतं. काय, ते त्याला ठाऊक नाही. बेकरीत पाव भाजणारा भटारी म्हणाला, गरम पिठाचं पोटीस बांध. दोघांचं मिळून शिक्षण माझ्याएवढं – सहावी. पण मत पक्कं.

९ मार्च
गावी घरी नवाच घोळ. सासऱ्यांपुढे छाती कसं म्हणायचं, म्हणून बायकोने खांदा दुखतोय सांगितलं. माझे वडील तिला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. खांद्याचा फोटो काढला. खांदा उत्तम! वर मालिशचं तेल दिलं. "बघ, सुईबिई काही लागलं नाही," वडील मला फोनवर म्हणाले. खूश होते. मीपण.

१५ मार्च
गाद्या शिवतो मी. वीतभर सुई दिवसभर हातात. आज बोटात घुसली. मुकादम म्हणाला, "चोख आणि शीव." चोखलं, शिवलं. अंगभर काही पसरलं नाही. बायकोला हे बोललो नाही.

२२ मार्च
बायको म्हणते, "बारीक सुई असते. चहा निवायच्या आत होतं. फार तर काळंनिळं पडेल, एखादीला पू होतो, त्याला गोळ्या आहेत." मी म्हटलं, रंगारी नको म्हणतो. ती म्हणाली, "रंगाऱ्याने बघितलीय का माझी गाठ?"
फोन ठेवला. रंगारी शेजारीच. विचारतो – काय म्हणाली?

३० मार्च
मला न विचारता पाणी काढून आली. एकटी गेली. मुंगी चावल्यासारखं झालं, म्हणते. पाणी लाल निघालं. स्वच्छ असतं तर फेकून दिलं असतं, आता तपासायला पाठवलंय. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "सुईने पसरत नाही हो. आत काय आहे ते कळतं. महिना कशाला घालवलात?" तिने माझं नाव सांगितलं नाही.
होते तेवढे सगळे पैसे तिला पाठवतोय. एकोणीस हजार चारशे.