खिडकीत कोण अडकलं

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि. आज नमस्कार साष्टांगच घालते, कारण उभं राहून सांगण्यासारखं काही केलेलं नाही.

आधी खुशाली. पोलिसांच्या त्या पिक्चरचा दुसरा भाग सुरू झाला. पहिल्या भागात आमच्या फौजदाराने स्वतःलाच बेड्या घातल्या आणि लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं, म्हणून आता त्याच माणसांना पुन्हा पाडायचं, फक्त जरा उंचावरून. पहिल्या भागात फौजदार एकदा चिखलात पडतो, दुसऱ्यात दोनदा. लेखकाच्या मते एवढ्याने कथा पुढे गेली.

माझं काम तेच, कंटिन्युइटीचं. केक फौजदाराच्या डाव्या गालावर आदळला असेल तर पुढच्या शॉटमध्ये तो उजव्या गालावरून ओघळू नये, हे बघायचं. मी वहीत लिहिते: केक डावा गाल, टोपी तिरकी, दुसरं बटण उघडं. लहानपणी तू मला एखादी खोली दाखवून बाहेर काढायचीस आणि आत काय काय होतं ते विचारायचीस, त्याचं हे फळ. शाळेत गेल्यावर बाईंनी मला बाराखडी विचारली तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या वस्तू सांगितल्या होत्या, आठवतं?

आता गुन्हा. परवा जेवणाच्या सुट्टीत लेखकाचे विनोद आटले होते आणि मी तुझ्या पोलिसातल्या नोकरीतली खिडकीची गोष्ट सांगून बसले. तुझे साहेब चोरामागे मागच्या खिडकीतून शिरताना कमरेत अडकले. तू बाहेरून ढकलत होतीस. शेवटी चोरालाच दया आली, त्याने आतून हात धरून ओढलं, साहेब आत पडले आणि चोर दारातून गेला. तू हे सगळं, साहेब अडकून होते त्या अठरा मिनिटांसकट, रिपोर्टात लिहिलंस आणि बक्षीस म्हणून अकरा वर्षं मुद्देमालाच्या खोलीत लोकांच्या छत्र्या सांभाळल्यास. दिग्दर्शकाला हसता हसता ठसका लागला. आता पिक्चरचा शेवटच त्या खिडकीवर करायचा म्हणतात.

तुला आधी विचारायला हवं होतं. दोन दिवस घास उतरत नाहीये. नको म्हणालीस तर मी त्यांना थांबवेन. कसं, ते माहीत नाही.

लोभ आहे तेवढा तरी राहू दे.

तुझी भाची


९ फेब्रुवारी

चि. शंकासुरीस,

अ. उ. आ. घास उतरत नसेल तर पाणी पी. माझ्या परवानगीवाचून जगात एवढं काही घडत आलंय की एका खिडकीने काय होतंय!

दाखवा खुशाल. साहेब जन्मभर दुसऱ्यांना अडकवत आले, पिक्चरमध्ये तरी त्यांना अडकू दे. चोर मात्र चांगला दाखवा. तो खरोखरच सभ्य होता, जाताना दार लोटून गेला.

माझे गुडघे हवामानखात्याचं काम करतात. शेजारीण रोज येते आणि तुझं लग्न या विषयावर मला मार्गदर्शन करते. मी तिला सांगितलं की मुलगी आधी नवऱ्या मुलाची बटणं मोजेल, मग होकार देईल.

जेवत जा. माया आहेच, मागायची वस्तू नव्हे ती.

आत्या


२० फेब्रुवारी

ती. आत्यास,

शि. सा. न. खुशाली विचारायला जागा पुरणार नाही, थेट सांगते.

खिडकीत आता साहेब अडकत नाहीत. आमचा नायक म्हणाला की केक खाईन, चिखलात लोळेन, पण कमरेत अडकणार नाही. त्याने सहा महिने घाम गाळून ती कंबर कमावली आहे. तेवढ्यात सल्लागार आले. पोलिसांबद्दल काही गैर दाखवलेलं नाही असं त्यांचं पत्र मिळाल्याशिवाय पिक्चर पुढे सरकत नाही. निवृत्त अधिकारी आहेत, खिशातल्या कंगव्याने भुवया विंचरतात. खिडकीचं ऐकून शांतपणे म्हणाले की हा प्रसंग आपल्याच कारकिर्दीतला, आणि अडकली होती ती महिला शिपाई. आपणच तिला ओढून काढलं. वर म्हणाले, बाईमाणूस अडकलं तर विनोद होतो, अधिकारी अडकला तर अवमान.

आत्या, तुझेच साहेब ते! म्हणजे पिक्चरमध्ये तू अडकणार आणि लोक तुला हसणार. हवालदारणीचं काम करणाऱ्या बाईंना पॅडिंग बांधून उभंसुद्धा केलं.

मी सगळ्यांसमोर उठून म्हणाले की हे खोटं आहे, माझ्या आत्याने तो रिपोर्ट स्वतः लिहिलाय. ते हसले आणि म्हणाले, मग कागद आण की पोरी, हस्ताक्षर पाहू. दिग्दर्शक म्हणाले की कागद आणलास तर बदलू.

तीन मार्चला शॉट आहे. तुझ्याकडे रिपोर्टाची प्रत असणारच. तू भाजीच्या याद्यासुद्धा टाकत नाहीस. कृपा करून लगेच पाठव.

घाईत, पण नेहमीइतक्याच लोभाच्या अपेक्षेत,

तुझी भाची


२५ फेब्रुवारी

चि. पोरीस,

अ. उ. आ. हे पत्र बसून वाच.

कागद आहे. हस्ताक्षरही माझंच आहे. पण त्यात खिडकीत अडकलेली मी आहे.

रिपोर्ट दोन होते. पहिला मी त्याच दिवशी लिहिला, अठरा मिनिटांसकट. साहेबांनी तो वाचला, चार तुकडे केले आणि दुसरा तोंडी सांगितला. मी उतरवून घेतला. शुद्धलेखन त्यांचं कच्चं, तेही सुधारलं. नाही म्हटलं असतं तर बदली होती, एका दिवसाच्या वाटेवरच्या चौकीत, जिथे शिपायाला खाट मिळते, घर मिळत नाही. तुझी आई जाऊन तीन महिने झाले होते, तुझा बाप जहाजावर. तू दोन वर्षांची होतीस आणि माझ्या ओढणीचं टोक मुठीत असल्याशिवाय झोपत नव्हतीस. मी सही केली. मुद्देमालाची खोली ही शिक्षा नव्हती बाळा, ती त्या सहीची किंमत होती. घराजवळची, ठरल्या वेळेची नोकरी. मीच मागून घेतली.

तुला गोष्ट सांगताना मी पहिलाच रिपोर्ट सांगत गेले. आधी वाटलं, मोठी झाली की पुरी सांगू. मग तू इतकी खरी निघालीस की मला तुझी भीती वाटायला लागली. पाच वर्षांची असताना फुटलेल्या बशीची कबुली द्यायला तू मला दुपारच्या झोपेतून उठवलं होतंस. अशा पोरीला काय सांगणार?

तेव्हा भांडू नकोस. रेकॉर्डप्रमाणे साहेब बरोबर आहेत. अडकू दे मला, कंबर माझी तशीही कधी कमावलेली नव्हती. तुझी नोकरी टिकव.

राग आला तर ये, समोर बसून रागव.

आत्या


५ मार्च

ती. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाल्यावर तीन दिवस तुझ्यावर चिडून होते. चौथ्या दिवशी शॉट होता, म्हणून चिडणं तहकूब केलं.

सुतारांनी सेटवर खिडकी उभी केली होती. हवालदारीणबाई पॅडिंगसकट धावत आल्या आणि सरळ पलीकडे गेल्या. चौकट अरुंद केली. पुन्हा गेल्या. आणखी अरुंद केली, तरी बाई साबणाच्या वडीसारख्या निसटल्या. आतला चोर ओढायला हात पुढे करायचा आणि त्या त्याच्या अंगावर येऊन पडायच्या. साहेबांचा धीर सुटला. म्हणाले, हिला अडकताच येत नाही, बघा, असं असतं ते. टोपी काढली, भुवया विंचरल्या आणि चौकटीत शिरले.

कमरेपर्यंत गेले आणि तिथेच राहिले.

आधी सगळ्यांना वाटलं, काय अभिनय आहे! टाळ्या पडल्या. मग आतून आवाज आला की हसता काय गाढवांनो, खेचा. बाईंनी बाहेरून ढकललं, चोराने आतून ओढलं. सुतार करवत घेऊन आला तर साहेबांनी करवत नको, तेल आणा असा हुकूम सोडला. तेल आणलं ते मेकअपचं. कॅमेरामन हाडाचा कलाकार, त्याने कॅमेरा थांबवला नाही. अकरा मिनिटांनी साहेब आत पडले, आणि चोर बिचारा सवयीने दारातून पळून गेला.

साहेब बाहेर आले ते सरळ माझ्याकडे. म्हणाले, वहीत बाईंचं नाव घाल. दिग्दर्शकही म्हणाले, घाल बाई, पाय तर कोणाचेही असू शकतात, आणि आपल्याला यांचं पत्र हवंय. सगळं युनिट माझ्या पेनाकडे बघत होतं. मी लिहिलं: टेक चार. अडकले, सल्लागार स्वतः. वेळ अकरा मिनिटं. बूट तपकिरी. मग सही केली.

दिग्दर्शकांनी वही काढून घेतली. एकाच श्वासात म्हणाले की पिक्चरमधला हा सगळ्यात भारी शॉट आहे, आणि उद्यापासून तू येऊ नकोस.

तुला वाटेल मी तुला धडा शिकवला. तसं नाही. लिहिताना मनात एवढंच आलं की माझ्या ओढणीचं टोक कोणाच्या मुठीत नाहीये. म्हणून मला जमलं. तुझ्या जागी असते तर मीही शुद्धलेखन सुधारून दिलं असतं.

सध्या नोकरी नाही, भूक मात्र परत आली आहे. रविवारी येते. लोभ धरून बस, मी आल्यावर सोड.

तुझी भाची


९ मार्च

चि. पोरीस,

अ. उ. आ. ये. शेजारणीला कळवलंय की तू येतेस, त्यामुळे मार्गदर्शनाची तयारी ठेव. मूर्ख आहेस, हेही लिहून ठेवते.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि टेबलाशी बसले. बावीस वर्षांपूर्वी फाडलेला रिपोर्ट पुन्हा लिहून काढला. तीन पानं झाली. खाली सही, आजची तारीख. एक प्रत आमच्या जुन्या ठाण्यात देणार, एक तुझ्या दिग्दर्शकाला, एक साहेबांच्या घरी रजिस्टर पोस्टाने. माझं आता कोणी काय बिघडवणार? बदली करतील तर गुडघ्यांसकट करावी लागेल.

पाठवण्याआधी तू एकदा तपासून दे. दुसऱ्या पानावर, चोराने ओढल्यावर साहेबांचा कुठला पाय आधी आत गेला ते लिहायचं आहे. दोन दिवस डोळे मिटून खिडकी बघतेय, पण दिसत नाही. तेवढी जागा कोरी सोडली आहे.

तुझीच,

आत्या