‘रानगवा’ माघारी कोणी आणायचा, याबद्दल

मी, पत्रू लक्ष्मण नन्नावरे, वय एकोणसत्तर, वीज केंद्राच्या टर्बाईन विभागातून निवृत्त, मूळ तालुका चिमूर, हल्ली मुक्काम दुर्गापूर, जिल्हा चंद्रपूर, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या दाबाखाली न येता, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो ते असे. येत्या सोमवारी नागपूरला माझ्या छातीचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखे काही नाही. बेअरिंग उघडताना मीही साहेबांना हेच सांगायचो.

१. राहते घर, बँकेतली ठेव आणि पेन्शनचा हक्क पत्नी गिरजा हिचा. तिन्ही पाळ्यांचे डबे तिने भरले, यावर कोणी तोंड उघडू नये.

२. चिमूरकडची शेतजमीन, म्हणजे धानाची बांधी, मुलगा भूपेश याची. विकायची झाल्यास आधी आईला विचारावे, मग बायकोला.

३. माझी लोखंडी सळई नात करिश्माला. एक टोक यंत्राला, दुसरे कानाला लावले की आतले दुखणे ऐकू येते. घरातल्या पंपापासून सुरुवात करावी.

४. संगणक आणि त्यातले ‘अथांग’ या खेळाचे खाते. वकील म्हणाले, हे मालमत्तेत धरत नाहीत. कंपनीच्या नियमातही खाते दुसऱ्याला देता येत नाही असे आहे. कंपनीने नियम मला विचारून केला नाही, मीही तिला विचारून मरणार नाही.

‘अथांग’मध्ये जगभरची माणसे आपापली जहाजे घेऊन आकाशात हिंडतात. कोणी लढतो, कोणी माल वाहतो. मी शोधणारा. नव्या ताऱ्यापाशी पोचले की जहाजाची दुर्बीण हळू फिरवत तिच्यातून येणारा आवाज ऐकायचा. बर्फाचा ग्रह किरकिरतो, वायूचा घशात कफ असल्यासारखा घरघरतो. चौतीस वर्षे यंत्राला कान लावलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? मग तिथवर जायचे, पाहायचे, बंदरात परत येऊन नोंद करायची. तेव्हा कुठे नकाशावर नाव लागायचे.

गेल्या वर्षी कंपनीने बदल केले. लढणाऱ्यांनी रडारड केली, ‘शोधणाऱ्यांची जहाजे एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर लांब उडी मारतात, आमची नाही.’ म्हणून त्यांच्या उड्या लांब केल्या आणि आमच्या जहाजांचा पत्रा पातळ केला. याला समतोल म्हणतात. ज्याने हे ठरवले त्याने तराजू फक्त चित्रात पाहिला असावा. वर एक बटन दिले. दाबले की सगळे ग्रह लग्नाच्या मांडवासारखे उजळतात, आणि दाबणारा शोधक ठरतो. शेंबडी पोरे ताऱ्यापाशी येतात, बटन दाबतात, निघून जातात, आणि आपल्याला दर्यावर्दी समजतात. दुसरे बटन ‘माघारी’. त्याने जहाज क्षणात बंदरात येते, पण नोंद न झालेले सगळे पुसले जाते.

माझे जहाज ‘रानगवा’ सध्या एका बर्फाळ ग्रहावर उभे आहे. बंदर तिथून रोज दोन तास चालवले तर एकसष्ट दिवसांवर. पोटात दोनशे चौदा ग्रह, सगळे कानाने शोधलेले, एकाचीही नोंद नाही. वाटेत जहाज फुटले तर सगळे गेले. भूपेशला हे समजावले.

“बाबा, बटन दाबलं का घरी. काऊन एवढं डोकं लावून राह्यले?”

“अन् ते दोनशे चौदा?”

“ते काय आपण खाऊन राह्यलो का?”

भूपेशवर माझा जीव आहे. त्याला पासवर्ड देऊ नये.

५. केवळराम गुरनुले. टर्बाईनवर माझ्याच पाळीत होता, खेळात मीच आणला. कंपनीने खेळाडूंचे मत मागितले तेव्हा या गृहस्थाने ग्रह उजळणाऱ्या बटनाच्या बाजूने मत दिले. वर पानटपरीवर चार लोकांत म्हणाला, “पत्रूभाऊ, म्हाताऱ्यायले सोपं झालं तं तुले काऊन मिरच्या लागून राह्यल्या?” तेव्हापासून चौदा महिने बोलणे बंद. केवळराम कामाला बरा, अकलेने फिका. साहेबांपुढे मान हलवायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही, आता न दिसणाऱ्या साहेबांपुढे हलवतो.

तरी खोटे लिहिणार नाही. चार वर्षांमागे माझे इंधन पार कडेला संपले. खेळाच्या फलकावर मदत मागितली तर लढणारे हसले. केवळराम कोणाला न सांगता निघाला. एकोणीस दिवस रोज संध्याकाळी जहाज चालवत आला, इंधन दिले आणि एवढेच लिहिले, “दिवा बंद कर, डोळ्यात येऊन राह्यला.” नंतर कधी उपकार काढले नाहीत.

६. म्हणून ‘रानगवा’ त्याच्या पोटातल्या ग्रहांसह केवळरामला. दोन्ही बटनांना हात लावू नये. पासवर्ड बंद पाकिटात गिरजाकडे आहे.

७. आज गिरजाने साक्षीसाठी त्यालाच बोलावले. ओसरीवर बसून त्याने पेन काढला.

“कुठी सही करू?”

“तुले नाई करता येत.”

“काऊन? मी अंगठेबहाद्दर आहो का?”

“ज्याले भेटते त्यानं साक्ष नाई द्यायची. वकील बोलला.”

त्याने कागद ओढून घेतला आणि वाचला. बराच वेळ चष्मा पुसला.

“तू मले अकलेनं फिका लेह्यलं.”

“लेह्यलं.”

“वाटेत इंधनाचे तारे किती आहेत?”

मी यादी दिली. त्याने तीन ठिकाणी खुणा केल्या, त्यातली एक चुकीची होती, ती मी दाखवली. कलम पाच खोडलेले नाही.

८. सोमवारनंतर मी पायाने चालत घरी आलो तर कलम सहा लागू नाही. तोवर केवळरामने जहाजाला हात लावू नये. बाजूला बसून ऐकायचे असेल तर खुर्ची त्याची त्याने आणावी.

वरचे सगळे मी गिरजाला वाचून दाखवले आणि खालच्या दोघींसमोर सही केली. त्यांना यातले काही मिळायचे नाही, चहा सोडून.

पत्रू लक्ष्मण नन्नावरे (सही)

साक्षीदार:
१. अन्नपूर्णा वाकडे, शेजारी (सही)
२. संघप्रिया रामटेके, अंगणवाडी सेविका (सही)

ठिकाण: दुर्गापूर, जि. चंद्रपूर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५