हिचं पथ्य, माझी जबाबदारी

३ जानेवारी
हिच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले. गाठ हॉर्मोनवर वाढणारी होती, म्हणून हॉर्मोन कमी करणारी गोळी, रोज एक, पाच वर्षं. डॉक्टरांचं काम संपलं, माझं सुरू. सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनसारखं काहीतरी असतं असं वाचलं. रंगाच्या कारखान्यात बावीस वर्षं क्वालिटी कंट्रोल बघतोय. खराब डबा एकही बाहेर जाऊ दिलेला नाही. आज स्वयंपाकघरातून सोयाबीन, टोफू, जवस, तीळ हद्दपार. टोफू फेकवेना, म्हणून मीच खाल्ला. बरा लागतो.

९ जानेवारी, सकाळी ७
फ्रिजवर तक्ता लावला. लाल म्हणजे बंद. डाळीही लाल केल्या, उगाच रिस्क नको. हिरव्यात सध्या भात, दूध, काकडी. ही म्हणाली, सारखी भूक लागते. म्हटलं, भूक लागणं हे सुधारणेचं लक्षण.

२० जानेवारी
हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाईंकडे. त्यांचं म्हणणं, जेवणातलं सोयाबीन बेताने खायला हरकत नाही, त्याच्या अर्काच्या गोळ्या तेवढ्या विचारल्याशिवाय घेऊ नका. मी वहीतले सतरा मुद्दे काढले. चौथ्या मुद्द्याला बाईंनी घड्याळ पाहिलं. मी जिंकलो. ही हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. ती हसायची जागा नव्हती, हे घरी येताना समजावून सांगितलं.

६ फेब्रुवारी
हिचे सांधे दुखतात, सकाळी बोटं मिटत नाहीत. गोळीने असं होतं, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, म्हणते. मला वेगळाच संशय. पर्स तपासली. अर्धं बिस्किट! पाकिटावरच्या यादीत सोया पीठ. जप्त केलं. ही भिंतीकडे तोंड करून पडली. पश्चात्ताप असावा.

११ फेब्रुवारी
गोळ्यांच्या डबीतला कागद भिंगाखाली वाचला. कोटिंगमध्ये सोया लेसिथिन. चोर औषधातच! डॉक्टरांना विचारणार होतो, पण ते वाद घालत बसतील. हिला सांगून घाबरवायचं नाही. गोळ्या काढून डबीत व्हिटॅमिनच्या भरल्या. छटा जुळवणं हा माझा धंदाच. एकदम मॅच.

१४ मार्च
सांधे दुखायचे थांबले. ही आज लिफ्ट न घेता तीन मजले चढून आली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमचंच बरोबर होतं हो." ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. लग्नानंतरचा सर्वांत चांगला दिवस.

२३ मे
तपासणी. हिचं वजन नऊ किलोने कमी, रक्तात हॉर्मोन वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, गोळी घेता ना? ही म्हणाली, रोज, हेच आणून देतात. लपवण्यासारखं काही नव्हतं, मी सगळं सांगितलं. लेसिथिनसकट. डॉक्टरांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, कोटिंगमधल्या तेवढ्याशाने काही बिघडत नव्हतं. दुखायचं थांबलं ते गोळी बंद झाल्यामुळे. तीन महिने हिला संरक्षणच नव्हतं. आता स्कॅन. लिफ्टमध्ये ही म्हणाली, "अहो, गाठ माझ्या अंगात होती. एकदा विचारायचं तरी." चारचौघांत बोलायची गरज नव्हती.

२५ मे
मेव्हणी येऊन हिला घेऊन गेली. थोडे दिवस बहिणीकडे राहिली की माझी किंमत कळेल. मेव्हणीला तक्त्याची झेरॉक्स दिली. ती झेरॉक्स नंतर जिन्यात सापडली. हातातून निसटली असणार.

२८ मे
फोन केला. मेव्हणी म्हणाली, जेवतेय. काय, विचारलं. म्हणाली, पोटभर. हे उत्तर नव्हे.

४ जून
स्कॅनचा रिपोर्ट आज मिळणार होता. हाफ डे टाकून गेलो. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, फाइलवर नातेवाईक म्हणून बहिणीचं नाव आहे, रिपोर्ट त्यांनाच मिळेल. म्हटलं, माझं नाव चुकून राहिलं असेल, मी नवरा आहे. त्यांनी फाइल पुन्हा उघडली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हो, तेच लिहिलंय. नवरा आला तर सांगू नका."
दाखवा बघू, म्हटलं. अक्षर हिचंच होतं.