इर्जिकीची मजुरी

प्रिय अण्णा,

तुम्ही जाऊन वर्ष होत आलं, आणि आज हे पत्र लिहायला बसले ते नगरच्या कॉलेजात, वाचनालयात डुलकी लागली म्हणून. डोळे मिटले तर समोर आपलं देवळालीचं काळं रान. त्यात ओळीनं सात कुळव, आणि बांधावर तुम्ही घोंगडी पांघरून बसलेले. वाटलं, हाक मारली तर वळून बघाल.

हातातलं पुस्तक समाजशास्त्राचं होतं. अर्थपंडित म्हणायचे, माणूस आपला फायदा बघून वागतो. मग काही जुन्या जर्मन, फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी विचारलं, असा सुटा माणूस असतो तरी कुठं? त्याचा धर्म, त्याचा शेजार, देण्याघेण्याची रीत हे सगळं त्याच्या व्यवहारात उतरतंच. एकानं तर लिहिलंय, दिलेलं घ्यायचं नाकारलं की नातंच तुटतं. तुम्ही हसला असतात. "हे कळाया एवढं लांब जावं लागतंय व्हय?"

मला लागलं, अण्णा.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी तुम्ही तापानं पडलात. शेजारचे धोंडीबातात्या सहा जणांना घेऊन आपल्या इर्जिकीला आले. बैल त्यांचे, कष्ट त्यांचे. आपण संध्याकाळी जेवू घालायचं आणि पुढं त्यांच्या रानात जायचं, एवढीच रीत. मी अर्थशास्त्राचं एक वर्ष शिकून दीडशहाणी झालेली. पंगत बसायच्या आधीच एकेकाच्या हातावर मजुरी ठेवली.

तात्यांनी नोटा उंबऱ्यावर ठेवल्या. "पोरी, आमी मजुरीला न्हाई आल्तो," एवढंच म्हणाले. आईच्या पुरणपोळ्या तशाच राहिल्या आणि माणसं उपाशी गेली.

तुम्ही मला रागावला का नाहीत? रागावला असतात, तर मी तेव्हाच त्यांच्या पाया पडून आले असते.

तुमच्या तिरडीला तात्यांनी खांदा दिला. तेराव्याला आले, पण पाणीही न घेता गेले. चूक माझी, आणि परकं झालं तुमचं घर. फार लाज वाटते.

परवा तात्यांच्या रानात इर्जिक आहे. आपल्याला सांगावा नाही. तरी आपली बैलजोडी मी स्वतः त्यांच्या बांधापर्यंत हाकत नेईन. दिवसभर त्यांच्या घरी, काकूंच्या चुलीपुढं भाकरी थापीन. संध्याकाळी पंगतीत शेवटच्या जागेवर जाऊन बसेन, आणि तात्या माझ्या पानात वाढेपर्यंत उठणार नाही.

तुमची,
शालन