बदली कॅचर

बाबा, हे लिहायचं मी गेला महिनाभर टाळतोय. आधी पेन नव्हतं, मग पेन आणलं तर कागद नव्हता, आणि दोन्ही जमलं त्या दिवशी मी उगाच कालव्याच्या कडेने चालत सुटलो आणि बदकं बघत बसलो. आत्ता लाँड्रेटमध्ये, पैसे भरून कपडे धुवायच्या दुकानात, बसलोय. समोरच्या ड्रायरमध्ये आमच्या अख्ख्या टीमचे शर्ट फिरताहेत, ते वाळेपर्यंत मला कुठे जाता येणार नाही, म्हणून लिहितोय. तसं विशेष काही वाटत नाहीये. आधीच सांगून ठेवतो, रडारड वगैरे काही नाही यात.

मी परत नॉटिंगहॅमलाच आहे. मधे इथलं कॉलेज अर्ध्यात सोडलं, हाउन्सलोला विमानतळाजवळच्या गोडाऊनमध्ये खोकी उचलली, मग एका जेवणाच्या व्हॅनवर कांदे कापले, ती व्हॅनच मालकाने विकून टाकली. तो व्हॅनवाला भारी माणूस होता, पण ते जाऊ दे. आता इथे पार्कात रविवारी बेसबॉल खेळतो. तुम्ही अमेरिकेतल्या प्रोजेक्टवरून हे खूळ घेऊन आलात आणि मला लावून गेलात. आमच्या क्लबात कुणालाही घेतात, मलाही घेतलं. आम्ही जवळजवळ सगळ्या मॅचेस हरलो. आज सीझनचा शेवटचा दिवस, आणि दुपारी एमव्हीपी ठरायचाय, वर्षाचा सगळ्यात मोलाचा खेळाडू. मतं बरोबरीत अडकलीत. फक्त माझं राहिलंय. कॅप्टनने, म्हणजे इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे तिने, सकाळपासून तीनदा विचारलं. मी दोनदा अंगठा पाठवला आणि एकदा काहीच नाही.

एमव्हीपी म्हटलं की मला कॉव्हेंट्रीतलं आपलं ते छोटं किचन दिसतं. ऑक्टोबरातला शनिवार आहे, खिडकीला वाफ धरलीय, तुम्ही ऑम्लेट करताय आणि लॅपटॉप मायक्रोवेव्हवर तिरका ठेवलाय. दरवर्षी तिकडचे लोक एमव्हीपी ठरवायच्या आधी आपण तिघं ठरवायचो. नियम तुमचा होता: मत द्यायचं तर कारण द्यायचं, कारण नसेल त्याने भांडी घासायची. आई दरवर्षी एकच कारण द्यायची, "हा आईला फोन करत असणार, चेहऱ्यावरून कळतं." तुम्ही तेही चालवून घ्यायचात. मी मात्र एकदा म्हणालो, "बाबा म्हणतात तोच," तर तुम्ही उलथनं माझ्याकडे रोखलंत. "माझं मत मला माहितीये. हो ला हो करायला घरात मांजर पाळलं असतं मी." मला तेव्हा फार लागलं होतं ते. त्यातून, मांजर पाळा म्हणून मी वर्षभर मागे लागलेलो.

त्या वर्षी भांडण होतं हरणाऱ्या टीमच्या एका राक्षसावरून. असा मारायचा की बॉल शोधायला माणूस पाठवावा. आई म्हणाली, टीम हरली तर त्याच्या मोलाचं लोणचं घालायचंय का. मग तुम्ही ट्रेमधून केचपची बाटली उचललीत आणि तिच्या जागी मिठाची डबी ठेवलीत. "याला टीममधून काढ. त्याच्या जागी राखीव बाकावरचा कुणीही साधा माणूस उभा कर. आता किती फरक पडला बघ. तेवढीच याची किंमत, टीम हरो नाहीतर जिंको." मला ते एकदम पटलं. अजून कुठलंही भांडण मी असंच मिटवतो. पुढच्या ऑक्टोबरला तुम्ही नव्हतात.

ग्लोव्ह मात्र आहे. तो तुम्ही वाढदिवसाला आणलात, आणि आपण दोघंही क्रिकेटवाले, म्हणून तुम्ही हिशोब केलात की मुलगा उजव्या हाताने खेळतो, तर ग्लोव्ह उजव्याच हाताचा हवा. आठवडाभर आपण मैदानात जाऊन आलो. मी ग्लोव्ह उजव्या हातात घालून झेलायचो, मग तो काखेत धरून उजवा हात बाहेर काढायचो, मग फेकायचो. तोवर तुम्ही चार पावलं पुढे येऊन उभे. शेवटी आई लॅपटॉपकडे बघत म्हणाली, "अहो, हे सगळे तर डाव्या हातात घालतात." तुम्ही ग्लोव्ह उलटापालटा करून बघितलात. मग म्हणालात, "डावखुऱ्यांना तिकडे फार भाव असतो." झालं. मी डाव्याने फेकायला शिकलो. आज मी उजव्या हाताने लिहितोय, पण टीममध्ये मला लेफ्टी म्हणतात. खरं कारण कुणाला सांगितलेलं नाही.

तर मत. एक उमेदवार आहे कॅनडाचा, इथे युनिव्हर्सिटीत काहीतरी मातीवर संशोधन करतो. आमचे निम्मे रन त्याचे. दुसरा आहे बसवाला, पन्नाशीचा, शहरातली बस चालवतो. तो खेळायला आलाच नव्हता, मुलीला खेळायला सोडायला यायचा आणि कॉफी घेऊन गवतावर बसायचा. जूनमध्ये आमच्या कॅचरचं, म्हणजे विकेटकीपरसारखा मागे उकिडवा बसून झेलतो त्याचं, बोट मोडलं, कॅचरशिवाय मॅच होत नाही, समोरची टीम सामान आवरायला लागली. कॅप्टनने आजूबाजूला बघितलं आणि याला म्हणाली, "तुला खाली बसता येतं का?" हा म्हणाला, "बसता येतं, उठायचं माहीत नाही." त्या दिवसापासून सीझन संपेपर्यंत तोच बसला. बॅटिंग शून्य. बॉल छातीवर, मांडीवर, मास्कवर घेतो, पण मागे जाऊ देत नाही.

गेल्या रविवारी पबमध्ये यावरून जुंपली. आमचा पिचर, बॉल टाकणारा, टेबलावर हात आपटून म्हणाला, "काय बोलताय, कॅनडा नसता तर आपल्याला रन म्हणजे काय तेच कळलं नसतं!" कॅप्टन म्हणाली, "त्याचे सगळे मोठे फटके मॅच हातातून गेल्यावर." वरातीमागून घोडं, तसलंच काहीतरी ती इंग्रजीत म्हणाली. पिचर म्हणाला, "आणि बसवाला? तो तर बदली आहे. बदलीला कुणी एमव्हीपी देतं का?" बसवाला चिप्स खात म्हणाला, "मला नकोच, माझ्या गुडघ्यांना द्या." सगळे हसले. पण मी बघत होतो, त्याने तोंडाशी नेलेली चिप परत प्लेटमध्ये ठेवली. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी म्हणालो, विचार करून सांगतो. मी विचार करून सांगतो म्हणालो की समजायचं, मी तिथून सटकणार.

तुमच्या हिशोबाने कॅनडाच जिंकतो. मिठाच्या डबीला कुणी मत देत नाही. आणि मी तुमच्या हिशोबाच्या विरोधात कधी गेलो नाही, एकदा सोडून कधी तपासलाही नाही. ते एकदा म्हणजे काका आले तेव्हा. काका म्हणजे आईचे दुसरे मिस्टर. कॉव्हेंट्रीत जन्मले, तिथेच एका शाळेचे केअरटेकर आहेत. मला मोडक्या मराठीत म्हणायचे, "तुझी चहा ठेवलाय," आणि बेसबॉल दाखवला तर म्हणाले, "पण हे राउंडर्सच ना? आमच्याकडे मुली खेळतात शाळेत." अगदी साधा, बाकावरचा माणूस. मी बसून हिशोब केला. रेडिएटर गरम होत होते, गाडीची वार्षिक तपासणी, एमओटी, वेळेत होत होती, आई जेवताना बोलायला लागली होती. फरक फार निघेना. म्हणजे एवढ्यावर भागत असेल, तर तुमच्याच गणिताने तुमची किंमत किती उरली? मी बॅग भरली. तेव्हापासून भरलेलीच आहे.

इथे एक बाई मधेच येऊन विचारून गेल्या, हा ड्रायर सुट्टी नाणी घेतो की कार्ड. कार्ड म्हटलं.

या वसंतात क्लबात जाण्याआधी मी ग्लोव्ह आणायला कॉव्हेंट्रीला गेलो होतो. मी सोडला तेव्हा त्याची मधली वादी तुटलेली, बॉल आरपार जायचा. माळ्यावरून काढला तर तिथे फुटबॉल बुटाची लेस ओवलेली, भडक पिवळी, प्रत्येक भोकातून नीट दोनदा. कधी केलं, काका काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. ट्रेनमध्ये अख्खा रस्ता मी ती लेस ओढून बघत होतो, सुटते का म्हणून.

बाबा, तुमच्या गणितात एक भोक आहे. तुम्ही धरूनच चालता की बाकावर कुणीतरी बसलेलं असतं. आमचा बाक रिकामा होता. तो माणूस गवतावर कॉफी पीत होता, आणि नाही म्हणाला असता तर त्या दिवशी सगळे घरी गेले असते, कॅनडासुद्धा. मग कुणाचे रन आणि कसली किंमत. यात तुमचं काही कमी होत नाही असं मला वाटतं. नक्की माहीत नाही.

ड्रायर थांबलाय. मत पाठवलं मी, बसवाल्याला, खाली कारणही लिहिलं: बाक रिकामा होता. भांडी घासणार नाही. शर्ट अजून गरम आहेत, पिशवीत भरतोय. हे पत्र त्यांच्या तळाशी टाकतो, पाठवणार तरी कुठे. आणि आत्ताच कॅप्टनचं उत्तर आलंय: "झालं मग! लवकर ये. तुझे डॅड आलेत. एकटेच, हातात मोठा स्टीलचा डबा. सगळ्यांना विचारत फिरतायत, राउंडर्स कुठे चाललंय."

मी "आलोच" एवढंच लिहिलं. तिची चूक दुरुस्त केली नाही.