बावन्न साली आणि एक मांजर

वन्संना वहिनीचा नमस्कार.

तुमचे गुडघे, तुमची नवी कवळी आणि तुमची जुनी जीभ, तिन्ही नीट चालत असतील. घरातली नऊ माणसं आणि ती पिवळी मांजर खुशाल असावीत. माझं म्हणाल तर (म्हणत नाही तुम्ही, पण पत्रात लिहावं लागतं) मी ठणठणीत आहे. चौथीतच पाटी सुटली माझी, तेव्हा जोडाक्षरं चुकली तर सुनेला दाखवून हसू नका.

पत्राला कारण तुमचे भाऊ. माणूस जाऊन तीन वर्षं झाली, तरी निस्तरतेय मीच. आठवतं ना, जेवताना माझ्या ताटातल्या माशाची साल ते हळूच उचलून न्यायचे? छत्तीस वर्षं मी समजत होते, हिच्या घशात अडकेल म्हणून काळजी करतात. तुम्हीही म्हणायचात, दादा वहिनीला किती जपतो. गेल्या महिन्यात एकटीच जेवत होते (रोजच जेवते, त्यात नवीन काही नाही) आणि मनात आलं, आता ताटात हात घालणारं कुणी नाही, तर त्या सालीत होतं काय ते बघावं तरी. पण अख्खा मासा एका माणसाला संपत नाही, आणि फेकवत नाही. आमच्या कोपऱ्यावरचा मासेवाला गिऱ्हाइकांना सोलून तुकडे देतो आणि साली बादलीत टाकतो. म्हटलं, त्यातली मागावी.

गेले. नळ सोडलेला, बर्फ फोडणं चाललेलं, काही ऐकू येईना. मी म्हटलं, साल देतोस का रे? तो ओरडला, साल कोणती, आजी? मला ऐकू आलं, साल कोणतं. हल्ली कुठल्याही खिडकीपाशी जा, आधी जन्माचं साल विचारतात, मला वाटलं इथेही तोच नियम झाला. मी ठणकावून सांगितलं, बावन्न! त्याच्या हातातली सुरी थांबली. बावन्न साली? आजी, घरात मांजरी किती पाळल्यात? दुकानात सहा बायका, सगळ्या वळून बघायला लागल्या. म्हातारी स्वतः खायला मागते असं कसं सांगू? म्हटलं, एकच आहे. पण खादाड आहे.

घरी आणून पहिल्या दिवशी खवले न काढताच तळली, तोंडात नखं चावल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ओलीच टाकली. तेल असं उडालं की मी दाराबाहेर आणि साल तव्यावर एकटी. तिसऱ्या दिवशी सुरीच्या पाठीने खरवडली, फडक्याने टिपून कोरडी केली, मीठ चोळलं, आणि तव्यावर पसरून वर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलं (नाहीतर मुरडते, तुमच्या नाकासारखी). वन्सं, अशी कुरकुरीत झाली की खाताना घरात आवाज झाला. बऱ्याच दिवसांनी झाला. आणि त्या घासाला कळलं, काळजीबिळजी काही नव्हती. निव्वळ हावरटपणा! छत्तीस वर्षं! भांडायला तोंड उघडलं, तर समोर खुर्ची.

असो. आता खरी पंचाईत. मासेवाला रोज पुडी बांधताना विचारतो, मांजर काय म्हणते, आजी? आता विचारतोय म्हटल्यावर काहीतरी सांगायला नको? सांगितलं, जिना चढताना गुडघे वाजतात. दुसऱ्या दिवशी सांगितलं, जेवण कमी झालंय. मग सांगितलं, झोप लागत नाही, खिडकीत बसून असते, दाराशी पाऊल वाजलं की कान टवकारते आणि पाऊल वरच्या मजल्यावर निघून जातं. तो हातातलं काम सोडून ऐकतो हो. माझा मुलगा फोनवर पाचव्या शब्दाला 'बरं, ठेवतो' म्हणतो, हा तर काल सांगितलेलं आज लक्षात ठेवून विचारतो, गुडघ्याला तेल लावलं का? तशी मी रोज जाते. साल लागो न लागो.

परवा मात्र तो म्हणाला, आजी, त्या मांजरीला दुसरंतिसरं काही झालेलं नाही, ती एकटी पडलीय. येत्या रविवारी दुकान लवकर बंद करून तो एक पिल्लू घेऊन माझ्या घरी येणार आहे, तिला सोबत म्हणून. पत्तासुद्धा घेतला. आणि घरात मांजरीची मिशीसुद्धा नाही. खोटं उघडं पडलं तर साली गेल्या खड्ड्यात, पण सोमवारपासून मी त्या दुकानात कुठल्या तोंडाने उभी राहू, आणि मला विचारणार कोण?

मोठ्यांना नमस्कार, असतील तर. तुमच्याकडे आता तुम्हीच मोठ्या.

तुमची वहिनी

ता. क. तुमची पिवळी मांजर रविवारपुरती उसनी द्या. खाण्यापिण्याचे हाल होणार नाहीत.

ता. क. मांजर एकटी प्रवास करत नाही, हे लिहून झाल्यावर सुचलं. कुणीतरी घेऊन यायला हवं. सुनेला पाठवू नका, ती बोलत नाही.

ता. क. पिशवीत मांजर घालायचा त्रास होत असेल तर राहू द्या, नुसत्याच या. त्याला मी खरं काय ते सांगेन. तुम्ही शेजारी उभ्या असाल तर सांगता येईल. आणि परतीची घाई करू नका. मला काही नाही हं, तो मासेवाला म्हणतो, एका रविवारच्या सोबतीने भागत नसतं. मांजरीचं.